तात्यांचं देणं

मत्स्यशास्त्राची पदवी घेऊन उजनी धरणाच्या काठावर नोकरीला आलो, तेव्हा माशांची शास्त्रीय नावं मला पाठ होती. हिरालाल चौधरी यांनी १९५७ साली ओडिशातल्या अंगूल इथे पियूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं, हेही तारखेसकट सांगता येई. जाळं कुठे लावायचं, हे मात्र ठाऊक नव्हतं. ते शिकवलं तात्यांनी. भोई समाजातले, शाळेत फारसे न गेलेले. मला ते ‘सायेब’ म्हणत. शिकाऊ कोण, हे दोघांनाही माहीत होतं.

तात्यांची अर्धी हयात वाहत्या भीमेत पागाचं जाळं फेकण्यात गेली होती. मरळ, वाम, शिंगटा ही त्यांची ओळखीची मासळी. १९८० मध्ये धरण पुरं झालं, नदी तुंबली आणि उथळ पाण्यातला पाग खोल पाण्यात कुचकामी ठरला. चाळिशीच्या घरात त्यांनी तंगुसाचं जाळं लावायला शिकून घेतलं. संध्याकाळी माशाच्या वाटेत ते आडवं सोडायचं, पहाटे उचलायचं. माशाचं डोकं आसातून, म्हणजे जाळ्याच्या छिद्रातून, जातं, धड जात नाही. मागे सरकू लागला की कल्ले अडकतात. कोणता मासा लागणार आणि कोणतं पिल्लू सुटणार, हे आस केवढा यावर ठरतं.

या जाळ्यात येणारा सायप्रिनस मला परका, हलका मासा वाटे. गाळ उकरून पाणी गढूळ करणारा. तात्यांनी त्याच्याकडे बघायला शिकवलं. सकाळच्या शांत पाण्यावर बुडबुडे दिसले की तो खाली चरतो आहे, असं समजायचं. त्याच्या पाठीवरचा काटा दातेरी असतो. मासा हिसडून काढला तर जाळं फाटतं, म्हणून आधी काटा दाबून बसवायचा आणि मग मासा सोडवायचा. कटला-रोहूला अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून धरणात त्यांचं बीज सोडावं लागतं. सायप्रिनस साठलेल्या पाण्यातही पाणवनस्पतींना अंडी चिकटवतो. मी हे वाचलं होतं. तात्यांनी काठच्या वनस्पतींवर बोटं फिरवून ओळखलं होतं. कटल्याला भाव चांगला, पण तो रोज लागत नाही. त्यांच्या घरची चूल चिलापी आणि सायप्रिनसवरच पेटत होती.

“तात्या, जुनी मासळी गेली याचा राग येत नाही?” मी एकदा विचारलं.

“येतो की. पर पाणी बदललं सायेब, मग हातानं नको बदलाया?”

पुढे माझंही पाणी बदललं. पन्नाशीला टेकलो असताना पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनाचं काम माझ्याकडे आलं. निम्म्या वयाच्या मुलांपुढे वही उघडून बसावं लागलं. त्याचा कमीपणा वाटला नाही, कारण आपला कसबी हात बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून शिकणारा माणूस मी जवळून पाहिला होता. पदवीने नोकरी दिली. ती टिकवायचं बळ तात्यांकडून आलं.

आता मी मच्छीमारांच्या मुलांना प्रशिक्षण देतो. पहिला तास वर्गात घेत नाही, होडीत घेतो, आणि त्या तासाला बोलायला काठावरच्याच एखाद्या जुन्या भोयाला बोलावतो. त्या तासाचं मानधन त्यालाच मिळावं, असा माझा आग्रह असतो. तात्यांनी मला शिकवलं, तेव्हा त्यांना ते कोणी दिलं नव्हतं.