चाकांवरचं घर आणि सटन बँकचा घाट

मुलांनो, पाठीवर घर घेऊन फिरणारी गोगलगाय तुम्ही पावसाळ्यात नेहमी पाहता. इंग्लंडमध्ये सुट्टीचे दिवस आले की अशा कितीतरी गोगलगायी रस्त्यावर दिसू लागतात! फरक इतकाच, की त्यांचं घर पाठीवर नसतं, शेपटीला असतं. पुढे रोजच्या वापरातली मोटार आणि मागे आकड्याला जोडलेली एक पांढरी, चाकांची खोली. आत बिछाने, शेगडी, बेसिन, जेवायचं टेबल, सगळं काही! या खोलीला म्हणतात कॅरव्हान.

या हौसेची सुरुवात घोड्यांपासून झाली. गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक डॉक्टर होते. ते आधी नौदलात होते आणि नंतर मुलांसाठी साहसकथा लिहू लागले. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या एका कारखान्यातून ऐटबाज लाकडी घरगाडी बांधून घेतली. नाव ठेवलं ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या. तिला दोन घोडे जोडून स्वारी निघाली, ती थेट स्कॉटलंडपर्यंत! पुढे १९०७ साली अशा हौशी लोकांचा एक क्लबच स्थापन झाला. घोडे गेले, मोटारी आल्या, पण एक प्रश्न मात्र तोच राहिला. ओढणाऱ्याला किती ओझं झेपेल?

माझा मोठा भाऊ लीड्स शहरात राहतो. मे महिन्याच्या शेवटी तिथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. त्या सुट्टीत मी, दादा, वहिनी आणि माझी दहा वर्षांची भाची कॅरव्हान घेऊन हेल्म्सली नावाच्या गावाकडे निघालो. म्हणजे निघणार होतो! कारण आदल्या दिवशी दादाने सगळं सामान अंगणात मांडलं आणि न्हाणीघरातला वजनकाटा बाहेर आणला.

“बाबा, आपल्या मोटारीचं इंजिन इतकं दणकट आहे. मग वजन कशाला करायचं?” भाचीने विचारलं.

“ओढणं सोपं असतं गं,” दादा म्हणाला, “थांबवणं आणि सांभाळणं अवघड असतं.”

मग त्याने आम्हाला हिशोब समजावला. तुम्हीही वही-पेन्सिल घ्या बरं! दादाच्या मोटारीचं वजन १५०० किलो. तिथले जाणकार सांगतात, की सामानासकट भरलेल्या कॅरव्हानचं वजन मोटारीच्या वजनाच्या शेकडा ८५ पेक्षा जास्त नसावं. हा कायदा नव्हे, अनुभवी लोकांचा सल्ला आहे. १५०० चे शेकडा ८५ म्हणजे १२७५ किलो. दादाची कॅरव्हान रिकामी असताना ११०० किलोची आणि तिच्यावर लावलेल्या पट्टीवर लिहिलेली कमाल मर्यादा १२५० किलो. म्हणजे जोडी जमली! पण सामानाला जागा उरली किती? फक्त १५० किलो!

त्यात गॅसची टाकी, बॅटरी, तंबू, खुर्च्या, पांघरुणं. काटा भराभर वर चढू लागला. वहिनीची कणकेची मोठी पिशवी बाहेर आली. पाण्याची ४० लिटरची टाकीही रिकामी केली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, आणि पाणी तर तळावर पोचल्यावर मिळतंच! भाचीच्या पुस्तकांच्या खोक्यातली निम्मी पुस्तकं घरी राहिली. तिचं तोंड एवढंसं झालं, पण दादा काही विरघळला नाही.

मागची गाडी पुढच्या गाडीपेक्षा हलकी का हवी? कल्पना करा, हमरस्त्यावर एखादा भलामोठा ट्रक शेजारून गेला, वाऱ्याचा झोत बसला आणि कॅरव्हान डावी-उजवीकडे झुलायला लागली. मोटार तिच्यापेक्षा जड असेल, तर ती कॅरव्हानला सावरते. कॅरव्हान जड असेल, तर तीच मोटारीला शेपटीला धरून हलवते! सापासारखी नागमोडी झोकांडी बसत जाते आणि कधी कधी दोन्ही गाड्या उलटतात. अशा वेळी करकचून ब्रेक दाबायचा नसतो. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढायचा, चाक सरळ धरून ठेवायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा.

म्हणूनच तिथे कॅरव्हान ओढणाऱ्या मोटारीला वेगाचं वेगळं बंधन आहे. मोठ्या हमरस्त्यावर ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर, आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर. तीन किंवा जास्त पट्ट्यांच्या मोटारवेवर सर्वांत उजवीकडची पट्टी तिला बंद. आणि चालत्या कॅरव्हानमध्ये कोणीही बसायचं नाही, बिछाना कितीही मऊ असला तरी!

एकूण वजन जमलं, तरी काम संपत नाही. वजन ठेवायचं कुठे, हाही प्रश्न असतोच. आमच्या गावचे जुने गाडीवान हे बरोबर ओळखायचे. बैलगाडीत मागच्या बाजूला ओझं जास्त झालं, की गाडी ‘उलाळ’ व्हायची. जू वर उचललं जायचं आणि बैलांच्या गळ्यातली पट्टी आवळायची. पुढे ओझं जास्त झालं, की गाडी ‘धुरजड’ व्हायची आणि सगळा भार बैलांच्या मानेवर यायचा. कॅरव्हानचंही अगदी असंच आहे! जड सामान खाली, चाकांच्या आसाजवळ ठेवायचं. हलकं सामान वरच्या कपाटात. आकड्यावर मात्र थोडासा भार पडलाच पाहिजे, कॅरव्हानच्या भरलेल्या वजनाच्या शेकडा ५ ते ७. दादाचा हिशोब होता सुमारे ६३ ते ८७ किलो. पण त्याच्या मोटारीच्या आकड्याला ७५ किलोच चालतात. म्हणून त्याने आकड्याखाली लाकडाचा तुकडा उभा केला, तुकड्याखाली तोच वजनकाटा ठेवला आणि बरोबर ७० किलो येईपर्यंत सामान पुढे-मागे सरकवलं.

घरी करून पाहायचं असेल, तर एक पट्टी घ्या. मधोमध खाली पेन्सिल आडवी ठेवा, हा झाला आस. आता पट्टीच्या मागच्या टोकावर नाणी ठेवत जा. पुढचं टोक वर उचललं गेलं ना? झाली तुमची गाडी उलाळ!

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बारीक तार मोटारीला अडकवून आम्ही निघालो. कॅरव्हान चुकून आकड्यातून सुटलीच, तर ही तार ताणली जाऊन तिचे ब्रेक लावते आणि मग तुटते. दुपारी थर्स्क गावाजवळ आलो. तिथून हेल्म्सलीचा सरळ रस्ता समोरच्या डोंगरावरून जातो. त्या चढाचं नाव सटन बँक. चढ कसा म्हणाल, तर एक-चतुर्थांश. चार मीटर पुढे गेलं, की एक मीटर वर! शिवाय मध्येच केसांच्या पिनेसारखं वळण. रस्त्यावर पाटी होती, या चढावर कॅरव्हानना बंदी!

“पण आपलं वजन तर बरोबर आहे!” भाची कुरकुरली. पोटात कावळे ओरडत होते आणि हेल्म्सली डोंगराच्या पलीकडेच होतं.

“मोटार किती ओझं ओढेल, हे कारखानदार बहुधा शेकडा १२ चढावर थांबून पुन्हा निघता येईल, असा हिशोब करून ठरवतात,” दादा म्हणाला. “हा चढ शेकडा २५ आहे. आपण वळणावर अडकलो, तर आपल्यामागे सगळे अडकतील, आणि घसरलो तर त्यांच्या अंगावर जाऊ.” त्याने गाडी यॉर्कच्या दिशेला वळवली आणि आम्ही डोंगराला वळसा घालून पायथ्यापायथ्याने निघालो.

आणि काय सांगू! डावीकडे हिरव्या डोंगरावर एक प्रचंड पांढरा घोडा दिसला. हा किलबर्नचा घोडा. १८५७ साली तिथल्या शाळेचे मास्तर जॉन हॉजसन यांनी आपले विद्यार्थी आणि गावकरी यांना घेऊन डोंगरावरचं गवत खरवडून तो कोरला आणि चुन्याने पांढरा केला. लांबी जवळजवळ १०० मीटर! मी स्वतः शाळेत शिकवते, त्यामुळे त्या मास्तरांना मनातल्या मनात हातच जोडले. भाची कुरकुर विसरून खिडकीला नाक लावून बसली होती.

दुसऱ्या दिवशी कॅरव्हान तळावरच ठेवली आणि नुसत्या मोटारीने सटन बँकला गेलो. मुद्दाम तो घाट उतरलो आणि पुन्हा चढलो. एकटी मोटारसुद्धा वळणावर घूं-घूं करत होती. अवजड ट्रक इथे अडकतात आणि मग रस्ता बंद पडतो, तो का, हे तिथे न सांगताच कळलं.

माथ्यावरून खाली गोरमायर तळं आणि दूरवर शेतांचे चौकोन दिसत होते. तिथे एक ग्लायडर क्लबही आहे. बिनइंजिनाच्या एका ग्लायडरला एक छोटंसं विमान दोरीने ओढत आकाशात घेऊन चाललं होतं. भाची टक लावून पाहत होती.

“आत्या, बसण्याआधी त्यांनी स्वतःचं वजन केलं असेल का गं?”

उत्तर दादाने दिलं. “केलेलं असतंच! किती वजनाच्या माणसाने बसायचं, हे ग्लायडरच्या आतच लिहिलेलं असतं.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि ग्लायडर दोरीतून सुटेपर्यंत मान वर करून तशीच उभी राहिली.