उघडी कीर्द

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी गाडी टिटवाळा सोडून खडवलीस थांबते, तेव्हा परगावाहून आलेल्यांची पावले सहसा भातसा नदीकडे वळतात. नृत्यासाठी येथे कोणी उतरत नाही. शहरातले लोक ज्याला बॅले म्हणतात त्या नृत्यनाट्याची मंडळी अशा गावी, आणि तीही गावकऱ्यांच्या वर्गणीवर काढू पाहणाऱ्या माणसाने हिशेबाचे भान अगोदरच सोडलेले असावे, असे माझ्या स्नेह्यांचे मत होते. प्रत्यक्षात मात्र मंडळी उभी राहिली ती हिशेबाच्याच पायावर.

तारुण्यात ज्या मंडळीत मी नाचलो तिचे खेळ तुडुंब भरत, आणि महिनाअखेर मालक तोट्याचे तोंड करून बसत. तोटा खरा होता की खोटा, हे मला आजही सांगता येणार नाही, कारण कीर्द-खतावणीचे सारे दफ्तर त्यांच्या ट्रंकेत कुलूपबंद असे. थकलेल्या पगारापेक्षा ते कुलूपच अधिक लागे. कारण ज्या सोबत्याच्या खांद्यावर रंगमंचावर निःशंकपणे देहाचा भार टाकायचा, त्याच्याकडेच, याला उचल मिळाली असेल काय, अशा संशयाने पाहण्याची पाळी येई.

त्या दिवसांत मला आधार वाटे तो शांती बर्धन यांच्या उदाहरणाचा. उदय शंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रात काम केलेल्या आणि पुढे अंधेरीस जननाट्य संघाच्या पथकासाठी नृत्ये बसवणाऱ्या या कलावंताने १९५२ साली मुंबईत लिटल बॅले ट्रूपची स्थापना केली, आणि क्षयाने जर्जर झालेल्या देहाने रामायण बसवले ते माणसांना कळसूत्री बाहुल्या कल्पून. १९५४ साली ते निवर्तले. मुखवटा चढवलेला, कोपरात काटकोनात मोडणारा, दोरी ओढल्यासारखी झटक्याने मान फिरवणारा आणि दोरी सैल होताच निर्जीव होणारा नट एकदा सिद्ध झाला, म्हणजे महाल, अरण्ये आणि सिंहासने यांचा पुष्कळसा खर्च त्याच्या अंगातच वळता होतो, हे त्या रामायणाने मला शिकवले.

पैशाचा मार्ग मात्र आपल्याच मुलखात सापडला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसाफंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. पैशापैशातून भट्टी पेटू शकते, तर घुंगरू का वाजू नयेत, असा माझा भाबडा युक्तिवाद होता. आम्ही नियम एकच केला : जमाखर्चाची रोजकीर्द दर शनिवारी तालमीच्या जागी फळ्यावर उतरवायची. घुंगरांची दोरी, ढोलकीची पुडी, मुखवट्यांची खळ, मुलांचा चहा, सारे तपशीलवार. त्यात सर्वांत जड गेली ती माझ्याच मानधनाची नोंद. ती लिहिताना खडू दोनदा मोडला, आणि फळ्यापुढून जाणारा प्रत्येक मनुष्य तीच ओळ वाचतो आहे, असे मला कित्येक दिवस वाटत राहिले.

झोडणी आटोपल्यावर रोख रकमेऐवजी भात येऊ लागला, म्हणून फळ्यावर ‘जिन्नस’ असे वेगळे सदर काढले. एका संध्याकाळी रिकाम्या खळ्यावर आवणीच्या प्रवेशाची तालीम चालली असता एक वृद्धा आली. नातवाकडून फळा वाचून घेतल्यावर तिला आढळले की तिचा अर्धी पायली भात कोठेच नाही. चूक माझी होती. मी क्षमा मागितली. परंतु वर्गणीदाराच्या हक्काने ती तेथेच बसली, आणि ओणव्या मुली मुठीतले रोप खोवण्याचा अभिनय करीत प्रेक्षकांच्या दिशेने डौलात पुढे येताना पाहून म्हणाली, “मास्तर, आवणी काय कुणी पुढं चालत करतं? लावलेलं पायाखाली जाईल ना!”

इतकी वर्षे मी पदन्यास शिकवला, आणि आवणी करणारा मनुष्य मागे सरत जातो हे गाडीच्या खिडकीतून शेकडो वेळा पाहूनही मला दिसले नव्हते. हिशेब उघडा ठेवला म्हणजे केवळ पैसाच उघडा राहतो, ही माझी समजूत होती. ज्याचा दाणा आत आहे तो मनुष्य पावलाचाही हिशेब मागतो, आणि तो मागण्याचा त्याला अधिकार आहे, हे त्या संध्याकाळी उमगले.

प्रवेश पुन्हा बसवला. पाठीमागची जमीन टाचेने चाचपत, कंबर न उचलता मागे सरणे नर्तकास फार अवघड जाते. पण मुलींची रांग जसजशी मागे गेली तसतशी त्यांच्या आणि आमच्यामध्ये मोकळी जागा वाढत चालली, आणि ती मोकळी जागाच लावलेले शेत दिसू लागली. पडदा नव्हता, रंग नव्हता. खर्चाच्या बाजूस लिहिण्यासारखे काही नव्हते. म्हातारी समाधानाने उठली. मी खडू घेऊन जमेकडे लिहिले : भात, अर्धी पायली; राहून गेलेली नोंद, आज रुजू.