दोन खोल्यांतला संसार

‘मुंबईचा जावई’ या चित्रपटात खलनायक नाही असे म्हणतात. पण मला तो दिसतो. तो म्हणजे चाळीतली दोन खोल्यांची जागा! राजा ठाकूरांचा हा चित्रपट १९७० सालचा. बासु चटर्जींनी १९७२ साली हिंदीत ‘पिया का घर’ केला, तो याच कथेवरून. ऐसपैस घरात वाढलेली मुलगी लग्न होऊन मुंबईच्या चाळीत येते. तेथे माणसे पुष्कळ नि भिंती थोड्या. नवपरिणितांच्या वाट्याला स्वयंपाकघर येते. आणि त्यांनी एकमेकांकडे मान वळवावी, तो कोणाला तरी तहान लागलीच!

या प्रसंगांना मी आजवर पोट धरून हसत आलो आहे. परवाही हसलो. शेजारी बसलेली पत्नी मात्र गप्प होती. आमच्या संसाराची पहिली आठ वर्षे नाशकातल्या एका जुन्या वाड्यात, अशाच दोन खोल्यांत गेली. रात्री पाण्याला उठताना वडील आधी खाकरत. त्या खाकरण्याचे कौतुक मी चारचौघांत किती वेळा सांगितले असेल!

“अहो, हसू येते तुम्हांला?” ती म्हणाली. “आठ वर्षे मी तुमच्याशी मोठ्याने बोलले नाही.”

मी वरमलो. आम्हां नाशिककरांना दादासाहेब फाळके यांचा मोठा अभिमान. पण ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी दिवसा साऱ्या मंडळींचे रांधून रात्री जागून फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या सरस्वतीबाई आमच्या बोलण्यात क्वचितच येतात. घराचे गोडवे गाणारा बहुधा पंगतीत बसलेला असतो; वाढणारीला कोणी विचारीत नाही.

चित्रपटाच्या शेवटी माहेरची वडीलधारी मंडळी मुलीला न्यायला येतात, आणि त्या चिमुकल्या घरातला एकेक जण तिच्यासाठी आपली जागा सोडायला निघतो. सून अर्थातच राहते. तिने त्याग केला, असे मी इतकी वर्षे समजत होतो. याच ठिकाणी पत्नीने डोळ्यांना पदर लावला.

“आता का रडतेस? सारे गोड झाले ना?”

“त्या घराला निदान कळले तरी,” ती म्हणाली.

आता आम्हांला चार खोल्या आहेत, आणि माणसे दोनच. त्या रात्री मी पाण्याला उठलो. स्वयंपाकघरात दिवा दिसला. तीही जागीच होती. दाराशी थांबून मी वडिलांसारखा खाकरलो.

आत ती हसली. अगदी मोठ्याने.