मत आणि बाकडे

औषध आणि मत या दोन गोष्टी आपल्याकडे न मागता मिळतात. नुसते शिंकून पाहावे. समोरचा सुंठ सांगतो, शेजारचा तुळस सांगतो आणि तिसरा शिंकायचेच नाही असे सांगतो. मात्र औषध सांगण्यासाठी निदान कोणी आजारी तरी असावे लागते. मताला तेवढीही अडचण नाही. ते केव्हाही, कोठेही आणि कशावरही देता येते. त्यातल्या त्यात मत देण्यास जगात सर्वांत सोयीची जागा म्हणजे पॅसेंजरची वाट पाहत बसलेले रेल्वे स्टेशन. हेही पुन्हा माझे मतच!

आमचे चुडावा हे परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातले गाव. मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्गावर, पूर्णा आणि नांदेड यांच्या मधले. लांब पल्ल्याच्या गाड्या आम्हाला भोंगा ऐकवून निघून जातात. ओळख ठेवते ती पॅसेंजर. ती वेळेवर आली तर लोक गाडीकडे नव्हे, आपल्या घड्याळाकडे संशयाने पाहतात. मी याच गाडीने रोज नांदेडला महाविद्यालयात येते. तेव्हा माझ्या शिक्षणाचा पहिला तास स्टेशनातच होतो, असे म्हणायला हरकत नाही.

फलाटावर लिंबाच्या सावलीत एक बाकडे आहे. त्यावर चार-पाच वडीलधारी मंडळी सकाळी येऊन बसतात. त्यांना कोठे जायचे नसते. गाडी आली की ते तिला पाहतात, गेली की पुन्हा बोलू लागतात. कापसाच्या भावापासून दिल्लीच्या सरकारपर्यंत कोणताही विषय त्यांना वर्ज्य नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण कोणी काढली आणि कशावरून काढली, याची पाच उत्तरे त्या एका बाकड्यावर तयार असतात. ११ जुलै १९७९ रोजी अमेरिकेची स्कायलॅब कोसळली, ती हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात. पण ती आपल्याच शिवारात पडणार म्हणून आदल्या आठवड्यात कोणी किती कोंबड्या कापून खाल्ल्या, याचा हिशोब बाकड्यावर अजून मिटलेला नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्याला. चमच्याच्या काठाशी आलेले दूध पृष्ठताणामुळे मूर्तीकडे ओढले जाते आणि तिच्या अंगावरून पातळ धारेने खाली ओघळते, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून तेव्हाच दाखवले. तरीही “मग दुसऱ्या दिवशी का नाही प्याला?” हा प्रश्न बाकड्यावरचे दोन्ही पक्ष एकमेकांना तितक्याच जोराने विचारतात.

आम्ही मुली थोड्या अंतरावर नळाजवळ उभ्या राहतो. बाकड्यावर बायका बसत नाहीत. तसा नियम कोठे लिहिलेला नाही; पण नियम लिहिलेला नसला की तो अधिक कडक पाळला जातो. कान मात्र आमचे बाकड्याकडेच असतात.

गोष्ट नोव्हेंबर २०२४ मधली. विधानसभेचे मतदान २० तारखेला होते. एके दिवशी सकाळी एक एक्सप्रेस धडधडत निघून गेली आणि बाकड्यावरून प्रश्न निघाला, “गाडी येताना भोंगा बारीक वाजतो अन् म्होरं गेली की जाड वाजतो. असं कामून?”

एकाने सांगितले, माणसे दिसली की ड्रायव्हर जोराने दाबतो, पुढे गेला की सोडून देतो. दुसऱ्याने वाऱ्यावर ढकलले. मग आबा बोलले. आबा रेल्वेत गँगमन होते. उन्हापावसात रुळावर चालण्यात त्यांची सारी नोकरी गेली. त्यामुळे रेल्वेच्या बाबतीत बाकड्यावर त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, “ज्वारीची पेंढी आवळली की बारीक व्हती, सोडली की जाड. तसंच हाय ते. गाडीच्या म्होरं आवाज आवळला जातो, मागं सुटा व्हतो.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र नळाजवळून खळखळून हसले आणि मोठ्याने म्हणाले, “आबा, पेंढी कसली? त्याला डॉप्लर परिणाम म्हणतात!”

बाकडे एकदम गप्प झाले. आबांनी माझ्याकडे पाहिले आणि ते काठीने जमिनीवर रेघा ओढू लागले. बाकड्यावरचे एक काका विषय बदलायचा म्हणून म्हणाले, “शिकल्या बाबा पोरी! पण मतदानाचं आमच्याकडं पक्कं. घरात चार मतं. बाया आपण सांगू तेच बटन दाबतात.”

एकदा तोंड उघडले होते, ते मिटेना. २६ एप्रिल २०२४ ला लोकसभेसाठी मी पहिल्यांदा मतदान केले होते. १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले, त्याचा लाभ मला मिळाला होता आणि बोटावरची शाई जाईपर्यंत मी ते बोट मिरवले होते. मी म्हणाले, “काका, मत गुप्त असते. त्यांनी कोणते बटण दाबले, हे तुम्हाला कसे कळले?”

तेवढ्यात पॅसेंजर आली. मैत्रिणींनी डब्यात माझी पाठ थोपटली. नांदेड येईपर्यंत मी स्वतःला फार मोठी वक्ता समजत होते.

संध्याकाळी मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. आमच्याकडे पॅसेंजरला उशीर होतो, बातमीला होत नाही. “तुमच्या पोरीनं चार माणसांत आबाला हसून घेतलं, अन् मतदानावरून भांडली.” आईने माझ्याकडे पाहिले नाही. बाबा जेवून उठले, हात धुतले आणि विचारले, “पास कधी संपतो?”

“उद्या.”

“बरं,” ते म्हणाले.

वाचकहो, रागावलेल्या माणसाशी भांडता येते. ‘बरं’ म्हणणाऱ्याशी काय भांडणार! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पासासाठी पैसे मागितले, तर “बघू” एवढेच उत्तर मिळाले. पुढचे तीन दिवस मी कापूस वेचायला शेतात गेले.

शेतात एक नवल पाहिले. वेचणाऱ्या बायकांजवळ मतांचा तोटा नव्हता. यंदा भाव का पडला, चंद्र आपल्याबरोबर का चालतो, कोणता पुढारी पाच वर्षांत गावाकडे फिरकला नाही, सगळ्यावर त्या बोलत होत्या, आणि बाकड्यापेक्षा मोजके बोलत होत्या. पण दुपारनंतर कापूस मोजायला पुरुष माणसे आली आणि सगळ्या मुक्या झाल्या. मी एकीला हळूच विचारले, “आता का गप्प?” ती बोंडातला कापूस ओढत म्हणाली, “आमचं मत घरी नेऊन कुठं ठेवावं माय?”

तिसऱ्या रात्री लाईट गेली होती. सगळे अंगणात बसलो होतो. आजी पोलीस ॲक्शनच्या साली सात वर्षांची होती. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निझामाच्या राजवटीतून मुक्त झाला, हे आम्ही पुस्तकात वाचतो. त्या राजवटीत ‘गश्ती निशाण ५३’ नावाचे फर्मान होते आणि परवानगीवाचून सभा घ्यायला बंदी होती, हेही परीक्षेपुरते पाठ करतो. आजीला फर्मान माहीत नाही. तिला एवढेच आठवते की, सांज झाली की तिचे वडील तिच्या तोंडावर हात ठेवत. अंधारात ती बाबांना म्हणाली, “तवा रझाकाराच्या भ्यावानं बाप मला गप करायचा. तू कोणाच्या भ्यावानं पोरीला गप करायलास?”

बाबा काही बोलले नाहीत. अंधार असल्यामुळे त्यांचा चेहराही दिसला नाही.

सकाळी त्यांनी मला बोलावले. मला वाटले, मतदानाचा विषय निघणार. पण त्यांनी विचारले, “त्या भोंग्याचं खरं काय हाय?”

“डॉप्लर परिणाम,” मी म्हणाले.

“ते नाव झालं. म्हंजे काय?”

मी तोंड उघडले आणि तसेच मिटले. शाळेत कधीतरी तो शब्द पाठ केला होता, एका गुणासाठी. त्यापुढचे मला काही येत नव्हते. बाबांनी खिशातून पासाचे पैसे काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, “आधी कळून घे. मग आबाला सांग. अन् हसू नको.”

मी कला शाखेची विद्यार्थिनी. त्या दिवशी भीत भीत पदार्थविज्ञानाच्या सरांकडे गेले. सरांनी फळ्यावर एकाबाहेर एक वर्तुळे काढली. भोंगा एका जागी असला तर आवाजाच्या लहरी सगळीकडे सारख्या अंतराने पसरतात. गाडी पुढे धावू लागली की पुढच्या लहरी जवळ जवळ येतात. त्या कानावर भराभर आदळतात, म्हणून आवाज बारीक, उंच लागतो. मागच्या लहरी लांब लांब पडतात, म्हणून तो जाड, खालचा लागतो. ख्रिस्तियन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये हा विचार मांडला, तोही ताऱ्यांच्या प्रकाशासंबंधी. आवाजाच्या बाबतीत त्याची परीक्षा झाली १८४५ मध्ये, हॉलंडमध्ये, आणि ती रेल्वेवरच! गाडीत तुतारी वाजवणारे बसवले, रुळाच्या कडेला सुरांचे पक्के कान असलेले वादक उभे केले आणि सूर किती चढतो-उतरतो ते टिपून घेतले.

सर बोलत होते आणि मी फळ्याकडे पाहत होते. इंजिनाच्या पुढे वर्तुळे दाटलेली होती, मागे सुटी होती. समोर आबांची पेंढी होती! बाकड्यावरच्या सगळ्या उत्तरांत तेच उत्तर खऱ्याला धरून होते आणि मी नेमकी त्यालाच हसले होते. माझ्याजवळ नुसते नाव होते. अर्थ आबांजवळ होता. तो त्यांना फळ्यावर मिळाला नव्हता. आयुष्यभर रुळाच्या कडेला उभे राहून त्यांनी तो कानाने मिळवला होता.

दुसऱ्या दिवशी मी नळाजवळ थांबले नाही. सरळ बाकड्यासमोर गेले. पाय लटपटत होते. मतदानकेंद्रात सुद्धा लटपटले नव्हते. मी म्हणाले, “आबा, त्या दिवशी मी चुकले. तुम्ही सांगितले तेच खरे आहे.” आणि सरांची वर्तुळे, हॉलंडची गाडी, तुताऱ्या, सगळे सांगितले.

आबांनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “पुस्तकात लिव्हलंय तसं?”

“हो. पेंढी तेवढी लिहिलेली नाही.”

ते शेजाऱ्यांकडे वळून म्हणाले, “ऐकलं का?” मग त्यांनी काठी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, धोतराचा सोगा आवरला आणि सरकून जागा केली. “बस. गाडी लेट हाय.”

मी बसले. बाकडे तसे साधेच आहे, सिमेंटचे, थंड. पण तेथून नळाकडे पाहिले तेव्हा मैत्रिणी फार लांब उभ्या आहेत असे वाटले. मी त्यांना हात केला. एक आली, बाकीच्या हसल्या.

इतका वेळ गप्प बसलेले काका खाकरले. “मग त्ये मत गुप्त म्हंजे... घरच्यालाबी सांगायचं नाही?”

“सांगायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवायचे, काका. मागायचा हक्क मात्र कोणाला नाही.”

काका विचारात पडले. आबा म्हणाले, “हे मला बी म्हाईत नव्हतं,” आणि गाडी येईपर्यंत बाकड्याला तेवढा विषय पुरला.

२० नोव्हेंबरला काकांच्या घरातली चार मते कोणाला गेली, हे मला माहीत नाही. त्यांतल्या तिन्हींचे काकांनाही माहीत नसावे, असे माझे मत आहे.