तरोटा: भुकेची भाजी, औषधाचे बी

१/ मृगाचा पाऊस होऊन दोन-तीन आठवडे लोटले की नांदेड-लातूरच्या पडीक रानात, बांधांवर आणि रस्त्याच्या कडेला एक रोपटे दाटीने उगवते. एका देठावर गोलसर टोकाच्या पर्णिकांच्या तीन जोड्या. दिवस मावळला की त्या मिटतात. कोकणात हा टाकळा, मराठवाड्यात तरोटा. आपण त्याचा पाला खाल्ला, चीनने त्याचे बी औषध मानले. या दोन वाटांविषयीचा हा थ्रेड.

२/ संस्कृत निघंटूंत हा ‘चक्रमर्द’. गजकर्णाच्या चकत्यांवर याचे बी वाटून लावीत, म्हणून ‘दद्रुघ्न’ हेही नाव. आणखी एक नाव ‘मेषलोचन’, म्हणजे मेंढ्याचा डोळा. हे नाव लक्षात ठेवावे. डोळ्यांचा संदर्भ पुढे पुन्हा येणार आहे.

३/ चीनमध्ये या बियांना ‘ज्युएमिंगझी’ म्हणतात. त्या नावात दृष्टीच्या तेजाचा अर्थ आहे. ‘शेननोंग बेन्त्साओ जिंग’ या प्राचीन औषधिग्रंथात हे द्रव्य नोंदले आहे. आजची चिनी औषधसंहिता तरोटा आणि त्याची अगदी जवळची भाऊबंद जात, दोहोंचे बी ग्राह्य धरते.

४/ तेथील कृती साधी आहे. बी कोरड्या कढईत मंद आचेवर परततात. ते फुगते, तडतडते, कॉफीसारखा वास सुटतो. मग ते उकळत्या पाण्यात घालून, बरेचदा वाळलेल्या शेवंतीच्या फुलांसह, चहासारखे पितात. किंवा त्या काढ्यात तांदळाची पेज शिजवतात. कच्च्या बियांचा रेचक गुण भाजल्याने सौम्य होतो. अन्न आणि औषध यांचा उगम एकच, ही तेथील जुनी धारणा. २००२ साली चीन सरकारने अन्न व औषध असे दोन्ही मानलेल्या पदार्थांची जी यादी काढली, तिच्यातही हे बी आहे.

५/ मराठवाड्याची कृती पाल्याची, आणि तीही कोवळ्या पाल्याची. फुले येण्याआधी शेंडे खुडायचे, धुवून उकळायचे, पाणी पिळून टाकायचे. त्याने उग्र वास आणि कडवटपणा जातो. मग तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा, भिजवलेली डाळ किंवा शेंगदाण्याचा कूट. सोबत ज्वारीची भाकर.

६/ ही भाजी औषध म्हणून नव्हे, वेळेला धावून येते म्हणून टिकली. आषाढात कणगी रिकामी झालेली असे आणि मूग यायला अजून अवकाश असे. बी-भरण न मागता, कोणाची परवानगी न घेता उगवणारी हिरवळ तेवढी तरोट्याचीच. भूमिहीन घराला बांधावरची ही भाजी म्हणजे दोन वेळांचा आधार होता.

७/ मुंबई इलाख्यातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या याद्या केल्या: १८७६-७८च्या दुष्काळानंतर लिस्बोआ यांची १८८६ची, पुढे गॅमी यांची १९०२ची. नांदेड व लातूर मात्र तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. इलाख्याच्या या याद्यांची हद्द तेथवर पोहोचत नव्हती. येथील ज्ञान राहिले ते खुरपणीला जाणाऱ्या बायकांच्या ओटीत आणि बोलण्यात.

८/ १९७२च्या दुष्काळाने मिलो आणि सुकडी हे शब्द मराठवाड्याच्या स्मृतीत कोरले. त्याच आठवणीत रानभाज्याही आहेत, पण थोड्या संकोचाने. तरोटा खाल्ला असे सांगणे म्हणजे घरात दाणा नव्हता हे कबूल करणे. म्हणून परिस्थिती सुधारली तशी ही भाजी अनेक चुलींवरून मुकाट्याने उतरली.

९/ आता चित्र उलटले आहे. ऑगस्टमध्ये भरणाऱ्या रानभाजी महोत्सवांत तरोट्याच्या जुड्या मांडल्या जातात. बियांना व्यापारी मोल आहे. त्यांच्यापासून काढलेला गोंद परदेशी पाळीव प्राण्यांच्या डबाबंद खाद्यातही वापरतात. ज्या पानांची लाज वाटे, त्यांच्यावर आता पौष्टिकतेची पाटी आहे.

१०/ एक इशारा मात्र आवश्यक. कासविंदा, म्हणजे रानटाकळा, हा याच कुळातला. त्याच्या पर्णिका टोकदार, जोड्या तीनांहून अधिक आणि शेंगा चपट्या. तरोट्याच्या शेंगा बारीक, लांब, विळ्यासारख्या वाकलेल्या. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांचे बळी घेणाऱ्या एका गूढ आजाराचा संबंध २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने कासविंद्याच्या बियांशी जोडला. ओळख पक्की नसेल तर खुडू नये. तरोट्याचे बीही औषध म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नये.

११/ ही ओळख पुस्तकातून येत नाही. ती येते जाणत्या बाईच्या मागोमाग सरीतून चालताना. आज सोयाबीनच्या रानात तणनाशकाची फवारणी खुरपणीची जागा घेते आहे. फवारणीने तण जळते, आणि त्यासोबत त्या सरीतून चालण्याचे निमित्तही संपते.

१२/ चीनने आपल्या बियांची नोंद ग्रंथात केली, म्हणून ते औषध ठरले. मराठवाड्याने आपल्या पाल्याची नोंद भुकेत केली, म्हणून ती गरिबाची भाजी ठरली. वनस्पती जवळजवळ एकच. लिहिणारे हात निराळे. ज्या घरांत तरोटा ओळखणारी आजी अजून आहे, त्या घरांनी यंदाच्या पावसात तिच्यासोबत एकदा बांधावर जावे. (समाप्त)