झग्याचा काठ

नगर, रविवार संध्याकाळ

प्रिय सोनू,



पत्र मिळालं. तरुण संघात इस्राएलाच्या पहिल्या राजांवर बोलायचंय, पण मन शौलापाशी अडकलंय म्हणतेस. शौलानं घाईनं एक होमबली अर्पण केला, काही मेंढरं राखली. दाविदानं दुसऱ्याची बायको आणवली आणि नवऱ्याला लढाईत मारवलं. तरी राज्य गेलं शौलाचं. हा कुठला न्याय, मामा?

हा प्रश्न गिळून बोलायला उभी राहू नकोस. त्याच्यापासूनच सुरुवात कर.

शौल काही दुष्ट नव्हता. बापाच्या हरवलेल्या गाढवी शोधायला निघालेला हा पोरगा राजा होऊन बसला. निवडीच्या दिवशी सामानसुमानात लपला होता. बाहेर काढून उभा केला तर सगळी माणसं त्याच्या खांद्याला. याबेश-गिलाद हे गाव शत्रूच्या हातून सोडवल्यावर लोक म्हणाले, तुझी हेटाळणी करणाऱ्यांना ठार करू. त्यानं करू दिलं नाही. गिलगालात त्यानं शमुवेल संदेष्ट्याची सात दिवस वाट पाहिली. समोर पलिष्टी, सैन्य पांगत चाललेलं, उरली जेमतेम ६०० माणसं. म्हणून होमबली त्यानं स्वतःच अर्पण केला. तुझ्या-माझ्या हातूनही तेच झालं असतं.

खरा शौल दिसतो तो अमालेक्यांच्या लढाईनंतर. काहीही जिवंत राखू नये हा देवाचा हुकूम आज वाचताना अंगावर काटा येतो, माझ्याही. पण तू शौलाची उत्तरं बघ. शमुवेल भेटतो तेव्हा मागे मेंढरं ओरडताहेत, आणि हा सांगतो, हुकूम पाळला. मग म्हणतो, लोकांनी राखली, तीही यज्ञासाठी. शेवटी पाप कबूल करतो, पण लोकांच्या भीतीचं कारण जोडून. आणि लगेच विनवणी : वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख. कर्मेलात स्वतःचं स्मारक उभारून आलेला माणूस तो! निघालेल्या शमुवेलाच्या झग्याचा काठ त्यानं धरला आणि तो टरकन फाटला.

दाविदाच्याही गोष्टीत असाच एक काठ आहे. एन-गेदीच्या गुहेत दाविदाच्या पाठलागावर असलेला शौल एकटाच आत आला, आणि आतल्या अंधारात दावीद माणसांसह लपलेला. सोबतचे म्हणत होते, देवानंच शत्रू हाती दिलाय. दाविदानं फक्त शौलाच्या झग्याचा काठ कापून घेतला, आणि तेवढ्यानंही त्याचं मन त्याला खाऊ लागलं. राजा म्हणून देवानं अभिषेक केलेल्या माणसाला आपण हात लावला, याची टोचणी.

सोनू, मी अडखळतो तो इथं. वीतभर कापडासाठी ज्याचं मन खात होतं, त्यानंच पुढे राजवाड्यात बसून त्या बायकोच्या नवऱ्याच्या, उरीयाच्या, मरणाचं पत्र उरीयाच्याच हाती पाठवलं. मन तेच होतं. रानात जागं होतं, गादीवर झोपी गेलं. पळणाऱ्या माणसाला त्याचं मन पुरतं. राज्य करणाऱ्याला पुरत नाही, त्याला बाहेरून कुणीतरी हलवून जागं करावं लागतं. ते काम नाथान संदेष्ट्यानं केलं. त्यानं दाविदाला एक गोष्ट सांगितली. गरिबाची एकुलती कोकरी, त्याच्याच ताटातलं खाणारी, कुशीत झोपणारी; ती श्रीमंतानं पाहुण्यासाठी कापली. राजा भडकला, त्या माणसाला मरणाची शिक्षा बोलून बसला. आणि नाथान म्हणाला, तो माणूस तूच.

एक माणूस मारवून झाला होता; नाथानाचं तोंड बंद करणं काही अवघड नव्हतं. तरी दाविदानं कबुली दिली. मूळ हिब्रूत ती अवघ्या दोन शब्दांची आहे. त्यातला पहिला शब्द शौलाच्याही तोंडी आहे, अगदी तोच. फरक पुढे काय जोडलं यात. शौलानं सबब जोडली आणि मान मागितला. दाविदानं देवाचं नाव घेतलं आणि गप्प राहिला.

म्हणून दाविदाला सोवळा मात्र ठरवू नकोस. पश्चात्तापानं उरीया परत आला नाही. उरीयाच्या बायकोला, बथशेबेला, दाविदापासून झालेलं तान्हं मूल गेलं. दाविदाच्या मुलानं, अम्नोनानं, सावत्र बहिणीवर, तामारेवर, बलात्कार केला, तेव्हा बाप नुसता संतापला, केलं काहीच नाही. त्यातून तामारेच्या सख्ख्या भावाचं, अब्शालोमाचं, बंड उभं राहिलं.

मला वाटतं, राजाचा विश्वास होमबलींच्या संख्येवर मोजायचा नसतो. आपल्या डोक्यावर कुणी आहे हे तो मानतो का, आणि ते सांगायला येणाऱ्याला दार उघडं ठेवतो का, एवढंच बघायचं. अनुवाद या पुस्तकात राजासाठी नियम आहे : घोडे, बायका, सोनंरुपं यांचा साठा करू नये, आणि नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून रोज वाचावी. दाविदामागून गादीवर आलेल्या त्याच्या मुलानं, शलमोनानं, तिन्ही साठे केले. मंदिराला ७ वर्षं लागली, स्वतःच्या वाड्याला १३. लबानोनात लाकडं तोडायला ३०,००० माणसं वेठीला धरली. एवढ्या शहाण्या राजासमोर कुणी नाथान उभा राहिल्याची गोष्ट मात्र नाही. अहीया संदेष्टा बोलला तो रानात, शलमोनाच्या चाकराशी, यराबामाशी. अंगावरच्या नव्या झग्याचे १२ तुकडे करून १० त्याच्या हाती दिले, तेवढ्या वंशांचं राज्य त्याला मिळणार म्हणून. पुढे शलमोनाच्या मुलानं, रहबामानं, वडीलधाऱ्यांना डावलून बरोबरीच्या पोरांचं ऐकलं आणि राज्य दुभंगलं, इ.स.पू. ९३० च्या सुमाराची गोष्ट.

आता माझंही ऐक. पतपेढीचा सचिव असताना एका म्हाताऱ्या कारकुनानं माझ्या सहीची एक चूक वहीत बोट ठेवून दाखवली. मी म्हणालो, चुकलंच माझं, पण सभेत काढू नका, लोकांत नाव जाईल. तेव्हा वाटलं, कबुली दिली, सुटलो. शौलाचं वाक्य आपण म्हटलं हे फार उशिरा कळलं. त्यानंतर तो कारकून वही घेऊन माझ्या टेबलाशी कधी आला नाही. शमुवेलही पुन्हा शौलाच्या भेटीला गेला नव्हता.

बोलणं संपवताना एक बारीक गोष्ट सांग. पहिल्या इतिहासाच्या पुस्तकात दाविदाच्या मुलांची यादी आहे. त्यात बथशेबेच्या एका मुलाचं नाव नाथान. का ठेवलं, शास्त्र सांगत नाही. पण त्या घरात रोज ती हाक ऐकू येत असणार.

आईला सलाम सांग.

तुझा,
मामा