न भरणारी जखम

मनुष्यदेहावर निसर्गाने जे त्वचेचे वस्त्र चढविले आहे ते फाटले असता आपले आपणच विणले जाते. ही गोष्ट नित्याची, म्हणून तिचे नवल वाटत नाही. बोट कापते, रक्त गोठते, पांढऱ्या पेशी जंतूंचा फडशा पाडतात, कडेच्या पेशी मध्याकडे सरकतात, आणि आठवड्याभरात खपली गळून पडते. हे काम अडले म्हणजेच त्याचे मोल कळते.

आमच्या आजीच्या बाबतीत ते अडले. तिला पंचवीस वर्षांचा मधुमेह. या विकारात पायाच्या नसा बधिर होतात, रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि जंतूंशी झुंजणाऱ्या पेशीही दुबळ्या पडतात. चपलेतला खडा टाचेत रुतला तो तिला कळलाच नाही. रुपयाएवढी ती जखम चार महिने भरेना. पाय गमवावा लागेल की काय, हा प्रश्न घरात कोणी उच्चारीत नसे. परंतु तो सर्वांच्या मनात होता.

सुभाष रोडवरून पट्ट्या व मलम आणण्याचे काम माझ्याकडे असे. मनोहर ग्रंथमालेच्या ‘अट्ट्या’मुळे हा रस्ता धारवाडच्या वाचकांस परिचित आहे, मला मात्र तो औषधाच्या दुकानामुळे पाठ झाला. तेथे एकदा चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचे मलम दिसले, आणि चांदीचा व जखमेचा संबंध काय, हे कुतूहल जागे झाले. शोध घेता पुण्याचे नाव निघाले! शं. पु. आघारकर यांनी १९४६ साली स्थापिलेल्या आणि आज त्यांच्याच नावाने चालणाऱ्या संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मलम सिद्ध करून २००९ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कण इतके बारीक झाले की तेवढ्याच चांदीचा पृष्ठभाग कितीतरी वाढतो व तिचे जंतुनाशक आयन हळूहळू सुटत राहतात. म्हणून नेहमीच्या चांदीयुक्त मलमाच्या मानाने तीसपट कमी चांदीत त्यांना जंतूंवर तोच परिणाम दिसला. चांदी अधिक झाली तर ती त्वचेच्या नव्या पेशींनाही बाधते. तेव्हा ही काटकसर केवळ पैशाची नव्हे.

इकडे काकांनी परगावच्या एका दवाखान्याची जाहिरात आणली. मूलपेशींची इंजेक्शने, हमखास गुण, खर्च काही लाख. शेताचा तुकडा विकण्याची त्यांची तयारी होती. मूलपेशींचे सामर्थ्य खोटे नव्हे. अमेरिकेत हॉवर्ड ग्रीन यांनी १९८३ मध्ये भाजलेल्या दोन भावांचे प्राण त्यांच्याच त्वचेच्या पेशी वाढवून वाचविले. २०१५ मध्ये जर्मनीत त्वचारोगाने जर्जर झालेल्या सात वर्षांच्या मुलाला इटलीच्या मिकेले दे लुका यांनी त्याच्याच पेशींतील दोष दुरुस्त करून अंगभर नवी त्वचा दिली. पण आमच्या डॉक्टरांनी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या सूचना समोर ठेवल्या. रक्ताच्या काही विकारांखेरीज अन्यत्र या पेशींचा वापर तेव्हा प्रयोगातच बसत होता, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घेणे अनुचित होय.

आजी सारे ऐकत होती. ती म्हणाली, “अरे, शेत विकून पाय घ्यायचा, तर आधी पाय मिळाल्याची पावती दाखव.” काकांनी जाहिरात घडी घालून खिशात ठेवली.

पुढे जे झाले ते फार साधे होते. साखर ताब्यात आणली, मृत भाग डॉक्टरांनी वेळोवेळी काढला, टाचेवर भार पडू नये असे पादत्राण करविले. साधेपणावरून आठवले, मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाची पट्टी वापरून २००३ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. पान गुळगुळीत, म्हणून जखमेला चिकटत नाही व काढताना वेदना होत नाही. हे सांगताच आजीला आपल्या परसातल्या केळीचा फारच अभिमान वाटू लागला!

गेल्या आठवड्यात पट्टी सोडली तेव्हा जखम तुरीच्या दाण्याएवढी उरली होती. कडेने गुलाबी, नवी त्वचा आत सरकलेली स्पष्ट दिसत होती. आजीला टाच दिसत नाही, म्हणून मी ती आरशात दाखविली.